अँटनीच्या भाषणात चौथा नागरिक नेमका कुठे फिरतो?

पावतीबाई

नमस्कार. आमचा हौशी गट शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' मराठीत करतोय. संहिता गटातल्याच एकाने केली आहे. माझ्या वाट्याला चौथा नागरिक आलाय. (बाई असूनही 'नागरिक'च. 'नागरिका' करून पाहिलं, सगळे हसले, सोडून दिलं.)

अडचण तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात आहे. ब्रूटस व्यासपीठावर चढतो, सीझरला का मारलं ते सांगतो, आम्ही त्याचा जयजयकार करतो. तो उतरतो. सीझरचा मित्र अँटनी चढतो, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत आम्ही ब्रूटसचं घर जाळायला निघालेले असतो. घड्याळ लावून पाहिलं, आमच्या तालमीत याला सतरा मिनिटं लागतात.

माझी वाक्यं क्रमाने वाचली तर हसू येतं. अँटनीचं भाषण सुरू होण्याआधी मी म्हणते, ब्रूटसबद्दल इथं वाकडं बोलला नाही तर बरं. आणि लगेच पुढच्या प्रवेशात, रस्त्यात सापडलेल्या सिन्ना नावाच्या कवीला आम्ही कटातला सिन्ना समजून धरतो. तो ओरडून सांगतो की मी तो नव्हे, मी कवी. त्यावर माझं वाक्य, कविता भिकार लिहितो म्हणून फाडा याला! सतरा मिनिटांत इथून तिथं.

दिग्दर्शक सांगतात, 'भाषणाचा प्रवाह अंगावर घ्या, आपोआप फिराल.' मला आपोआप काहीच होत नाही. मी हिशेब तपासण्याचं काम करते. पावती दाखवल्याशिवाय सख्ख्या भावाचंही ऐकत नाही. तालमीत बाकीचे आठजण माना डोलवायला लागले की मला वाटतं, नाटककाराने आम्हाला मूर्ख ठरवलंय आणि मूर्खपणाचा अभिनय मला जमत नाहीये. मग मी सगळ्यांबरोबर ओरडते आणि ते खोटं वाटतं. पहिल्या रांगेतून दिसेल इतकं खोटं.

कुणी या प्रवेशात उभं राहिलंय का? नेमकं कुठल्या वाक्याला फिरायचं?

---

विंगेतला

उभा राहिलोय, पण विंगेत. मी प्रॉम्प्टर. हे नाटक दोन वेगवेगळ्या गटांबरोबर केलंय, त्यामुळे सगळ्यांची वाक्यं पाठ आहेत आणि एकही माझं नाही.

ताई, तुम्ही वाक्य शोधताय म्हणून सापडत नाहीये. तुम्ही वाक्याला फिरत नाही, गप्प राहण्याला फिरता.

अँटनीच्या भाषणाचा पहिला तुकडा बघा. सीझरने कैदी आणले, त्यांच्या खंडणीने सरकारी तिजोरी भरली. गरीब रडले तेव्हा तो रडला. लुपर्कलच्या सणाला मी तीनदा मुकुट पुढे केला, तीनदा त्याने नाकारला. एवढं झालं की तो थांबतो. माझं काळीज तिथं पेटीत सीझरपाशी आहे, ते परत येईपर्यंत मला थांबू द्या, म्हणतो आणि तोंड फिरवतो.

आता तुमची संहिता उघडा आणि त्या थांबण्यात काय होतं ते वाचा. पहिला म्हणतो, याच्या बोलण्यात तथ्य दिसतंय. दुसरा म्हणतो, नीट विचार केला तर सीझरवर अन्यायच झालाय. तिसऱ्याला भीती वाटते की याच्या जागी याहून वाईट कुणी येईल. मग तुम्ही. मग कुणीतरी म्हणतं, बिचाऱ्याचे डोळे बघा, रडून लाल झालेत. यातलं एकही वाक्य अँटनीकडे बघून बोललेलं नाही. तुम्ही एकमेकांशी बोलताय. अँटनी त्या वेळी एक अक्षर बोलत नाही आणि गर्दी तेव्हाच फिरते. व्यासपीठावरच्या माणसावर संशय घ्यायला तुम्ही तयारच असता. शेजारी उभ्या असलेल्या माणसावर कोण घेतो?

म्हणून तुमच्या दिग्दर्शकांना माझा निरोप द्या: सगळ्या नागरिकांनी अँटनीकडे तोंड करून उभं राहायचं ब्लॉकिंग असेल तर ते मोडा. त्या पॉजमध्ये पाठ अँटनीकडे आणि तोंड एकमेकांकडे हवं.

आता तुमचं वाक्य. 'त्याचे शब्द ऐकलेत? त्याने मुकुट घेतला नाही. म्हणजे नक्कीच तो महत्त्वाकांक्षी नव्हता.' ताई, हे मूर्खाचं वाक्य आहे का? बाकीचे 'वाटतं', 'दिसतं', 'भीती वाटते' म्हणताहेत. पुरावा मांडून त्यावरून निष्कर्ष काढणारा एकटा चौथा. त्या गर्दीतला हिशेबनीस तोच आहे. तुमचीच भूमिका तुम्हाला मिळालीय आणि तुम्ही ती बाहेर शोधताय.

एक आठवण सांगतो आणि थांबतो. पहिल्या गटात अँटनी करणाऱ्याने हा पॉज असा घेतला की मला वाटलं गडी वाक्य विसरला. मी विंगेतून हळूच पुढचं वाक्य दिलं. तो हलला नाही. मी परत दिलं, जरा मोठ्याने. अंक संपल्यावर जे ऐकून घेतलं ते इथं लिहीत नाही. पण पॉज इतकाच खरा हवा, प्रॉम्प्टर फसेल इतका.

---

पाचवी रांग

मी नट नाही, प्रेक्षक आहे आणि इतिहासाचं वाचन थोडं आहे. पावतीबाईंच्या पावत्यांबद्दल बोलतो.

अँटनी पावत्या दाखवतो हो! सगळं भाषण पावत्यांचंच आहे. फक्त त्या तपासून बघा.

पहिली पावती मुकुटाची. तीनदा नाकारला हे खरं. पण तो पुढे कुणी केला? खुद्द अँटनीने. आणि पहिल्या अंकात कटातलाच एक, कास्का, हाच प्रसंग सांगतो तेव्हा म्हणतो की सीझरने दर खेपेला आधीपेक्षा हलक्या हाताने तो सारला, बोटं सोडवत नव्हती. चौथ्या नागरिकाचा निष्कर्ष तिथंच कोसळतो. पण कास्काचं बोलणं गर्दीने ऐकलेलं नाही, आपण ऐकलंय.

दुसरी पावती झग्याची. हा झगा सीझरने पहिल्यांदा घातला ती संध्याकाळ मला आठवते, उन्हाळा होता, तंबूत होतो, नर्व्ही लोकांना हरवलं तो दिवस. किती जिवंत तपशील! ती लढाई इ.स.पू. ५७ मधली. खरा अँटनी सीझरच्या गॉलमधल्या सैन्यात दाखल झाला तो त्यानंतर काही वर्षांनी. तो त्या तंबूत नव्हताच.

तिसरी सगळ्यात मोठी. झग्याच्या भोकांवर बोट ठेवून तो सांगतो, इथून कॅसियसचा खंजीर गेला, ही फाडलेली जागा कास्काची, इथून लाडक्या ब्रूटसने भोसकलं. खून झाला तेव्हा अँटनी होता कुठे? कटातल्या ट्रेबोनियसने त्याला गोड बोलून बाहेर नेलं होतं. त्याने वार पाहिलेलेच नाहीत. कुठलं भोक कुणाचं, हे तो जागच्या जागी ठरवतोय. पण कापडाला भोक आहे आणि ते रक्ताळलंय हे तर डोळ्यांना दिसतंय ना! खरी वस्तू हातात धरायची आणि तिच्यावर खोटी चिठ्ठी चिकटवायची. हिशेब तपासताना असं कधी सापडलं नाही का, पावती अस्सल आणि खर्च भलताच?

मृत्युपत्र मात्र खरं. प्रत्येक रोमन नागरिकाला ७५ द्राख्मा. हा आकडा नाटककाराने प्राचीन चरित्रकार प्लूटार्ककडून घेतला. रोमन चरित्रकार स्वेटोनियस ३०० सेस्टर्स सांगतो आणि दोन्ही जुळतात, कारण चार सेस्टर्सचा एक दिनार आणि प्लूटार्क ग्रीकमध्ये लिहिणारा, तो दिनाराला द्राख्मा म्हणतो. (हे मला फार आवडतं, म्हणून सांगितलं. नाटकाशी संबंध नाही.)

नाटकाशी संबंध आहे तो पुढचा. चौथ्या अंकाच्या सुरुवातीला, दंगल संपल्यावर, अँटनी आपल्या साथीदाराला, लेपिडसला, तेच मृत्युपत्र आणायला पाठवतो. कशाला? लोकांना द्यायच्या रकमांत काटछाट कशी करता येईल ते बघायला. तुमच्या प्रयोगात हे वाक्य कापलेलं नसेल अशी आशा करतो. बऱ्याच ठिकाणी कापतात आणि मग अँटनी हळवा मित्र होऊन बसतो.

---

शब्दखोर

सगळे अँटनीवर तुटून पडलेत, म्हणून ब्रूटसची थोडी बाजू घेतो. त्याचं भाषण वाईट नाही. गद्यात आहे, काट्यावर तोललेलं आहे, आणि त्यात एक जबरदस्त सापळा आहे: गुलाम व्हायला आवडेल असा नीच इथं कोण आहे? असेल तर बोला, त्याचा मी अपराधी. मी उत्तरासाठी थांबतो. आता गर्दीत उभं राहून 'मी आहे तो नीच' कोण म्हणणार? सगळे 'कुणी नाही' म्हणतात आणि ब्रूटस हिशेब मिटवून टाकतो. म्हणजे पॉज तोही घेतो. फरक एवढाच की त्याच्या पॉजमध्ये एकच उत्तर मावतं. अँटनीच्या पॉजमध्ये माणसं आपसात बोलतात.

आणि ब्रूटसचं ऐकून गर्दी काय ओरडते? 'याला सीझर करा!' एकाला राजा होऊ द्यायचं नाही म्हणून ज्याने खून केला, त्यालाच त्या जागी बसवा. त्याचा मुद्दा एकाच्याही डोक्यात शिरलेला नाही, हे त्या एका ओळीत दाखवलंय. वर तो स्वतः निघून जातो आणि बजावतो की अँटनीचं होईपर्यंत कुणी हलू नका! कटातल्या कॅसियसने आधीच सांगितलं होतं, याला बोलू देऊ नकोस.

पण मला खरं बोलायचंय ते तुमच्या संहितेबद्दल. ब्रूटसला पुन्हा पुन्हा 'ऑनरेबल' म्हणत अँटनी ज्या शब्दाची धार काढतो, तो तुमच्याकडे मराठीत काय केलाय? इथं बहुतेकांचा घात होतो. 'माननीय' केलं तर पहिल्याच वेळी हशा येतो, कारण तो शब्द मराठीत सत्काराच्या हारासोबतच येतो. 'थोर' आणि 'सज्जन' यांच्यात टोमणा आधीच मुरलेला आहे. 'मोठे सज्जन लागून गेलात' हे आपण भांडताना म्हणतो. अँटनीचा शब्द पहिल्यांदा अगदी सरळ जायला हवा. गर्दी अजून ब्रूटसच्या बाजूची आहे. पहिल्याच फेकीला टोमणा ऐकू आला तर त्याला खाली ओढतील. दुसऱ्यांदाही सरळच. तिसऱ्यांदा अँटनीचा आवाज तोच, पण आधीचं वाक्य जड झालेलं, त्यामुळे शब्द जरा हलतो. आवाजाने टोमणा मारायचाच नाही.

दुसरी गोष्ट, हा शब्द अँटनीचा नाहीच, ब्रूटसचा आहे. ब्रूटस आधी सांगून गेलाय की माझ्या या गुणाकडे बघून माझ्यावर विश्वास ठेवा. अँटनी तेच उचलतो. म्हणजे दोन्ही भाषणांत एकाच मुळाचा शब्द हवा. मी करत असतो तर 'सचोटी' घेतला असता. ब्रूटस: 'माझ्या सचोटीवर विश्वास ठेवा.' अँटनी: 'आणि ब्रूटस सचोटीचा माणूस आहे.' त्यात टोमणा आधीपासून नाही, भरावा लागतो.

आता पावतीबाई, तुमच्यासाठी. ज्यांच्या खंजिरांनी सीझरला भोसकलं त्या सचोटीच्या माणसांवर माझ्याकडून अन्याय तर होत नाहीये ना, असं अँटनी म्हणतो, तेव्हा गर्दीतून एकजण तो शब्द त्याच्या तोंडावर परत फेकतो. मूळ इंग्रजीत त्यात जेमतेम पाच शब्द आहेत. गद्दार होते ते, आणि पुढे तोच शब्द, थुंकल्यासारखा. ते वाक्य कुणाचं आहे? चौथ्या नागरिकाचं! इतका वेळ अँटनीने जे उघड म्हटलं नाही, ते पहिल्यांदा उघड म्हणणारा माणूस तुम्ही आहात. त्याने बाटली हलवत ठेवली, बूच तुम्ही काढलंत.

मराठीत त्यासाठी आपल्याकडे एक अक्षरशः देणगी आहे: 'म्हणे'. 'गद्दार होते ते. सचोटीची माणसं म्हणे!' सगळा जहर त्या 'म्हणे'त. माझी अट एकच, की हा 'म्हणे' त्याआधी पूर्ण प्रवेशात कुठेही येता कामा नये. तुमच्या संहितेत अँटनीच्या तोंडी असेल तर त्याने तुमचं वाक्य आधीच खाल्लंय.

---

पावतीबाई

शब्दखोर, आत्ता संहिता काढून बघितली. अँटनीच्या तोंडी 'म्हणे' पाच वेळा आहे. 'सीझर महत्त्वाकांक्षी होता म्हणे.' आणि माझं वाक्य, 'ते सन्माननीय नाहीत, ते देशद्रोही आहेत!' वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखं. उद्या संहिता करणाऱ्याशी बोलते. तो रुसणार आहे.

पाचवी रांग, पावती अस्सल आणि खर्च भलताच, हे वाचून गार झाले. असं सापडतं. सापडायला वेळ लागतो, कारण पावती समोर आली की माझी शंका तिथंच थांबते. शिक्का आहे, सही आहे, पुढचं पान.

पण मग एक प्रश्न उरतो. मृत्युपत्राचा उल्लेख तो इतक्या लवकर करतो आणि वाचतो अगदी शेवटी. मध्ये आम्ही 'वाच, वाच' करून घसा कोरडा करतो. एवढं ताणायचं कशाला?

---

विंगेतला

कामाला लावायला.

यादी करा, तो तुमच्याकडून काय काय करून घेतो. कान द्या. मला थांबू द्या. मृत्युपत्र वाचायला मला भाग पाडताय का? मग प्रेताभोवती कडं करा. मी खाली उतरू का, परवानगी देता का? व्यासपीठावरचा माणूस गर्दीची परवानगी मागतो! आणि तुम्ही ती देता. 'कडं करा, गोल उभे राहा' हे वाक्यही तुमचंच आहे बघा. ब्रूटसने तुम्हाला फक्त ऐकायला लावलं. अँटनीने तुम्हाला मालक केलं. स्वतः मागून घेतलेली वस्तू खोटी असेल असं कुणाला वाटत नाही.

गंमत म्हणजे प्रेत पाहिल्यावर तुम्ही जाळपोळीला निघता तेव्हा मृत्युपत्र विसरूनच गेलेले असता. तोच हाक मारून आठवण करतो, अहो, मी सांगितलेलं मृत्युपत्र विसरलात की! हे वाक्य हशा आणणारं आहे. येऊ द्या हशा. लगेच पुढे जो थंडपणा येतो तो त्यामुळेच झोंबतो.

आणि तो खाली उतरतो ते विसरू नका. उंचीवरून बोलणारा माणूस तुमच्या पातळीवर आला, मी काही ब्रूटससारखा वक्ता नाही, साधा रोखठोक माणूस आहे, असं म्हणाला. तेव्हा नागरिकांनी त्याला हात लावू शकण्याइतकं जवळ असावं. आमच्या दुसऱ्या गटात एक म्हातारे नट होते, ते त्या क्षणी झग्याचं टोक हळूच बोटांत धरायचे. कुणी सांगितलं नव्हतं.

---

पाचवी रांग

यावरून आठवलं. याच नाटककाराच्या 'कोरिओलेनस'मध्ये उलटा प्रकार आहे. लोकांची मतं हवी असतील तर चौकात उभं राहून अंगावरच्या लढाईच्या जखमा दाखवायची रीत असते आणि हा गडी, सेनापती कोरिओलेनस, दाखवायला तयार नाही. त्याची आई शिकवते, अडाण्यांचे डोळे कानांपेक्षा जास्त शिकलेले असतात, करून दाखव. त्याला जमत नाही, तो हद्दपार होतो. अँटनी दुसऱ्याच्या जखमा दाखवून रोम जिंकतो, याला स्वतःच्या दाखवता येत नाहीत.

इब्सेनच्या 'एनिमी ऑफ द पीपल'चा (१८८२) चौथा अंकही बघा. डॉक्टर स्टॉकमनकडे गावातल्या स्नानगृहांचं पाणी दूषित असल्याचा खरा अहवाल आहे. पण सभा भरताच आधी अध्यक्ष निवडतात, आणि स्नानगृहांवर बोलायचीच बंदी होते. मग हा चिडून बहुमतालाच शिव्या देतो. शेवटी ठराव होतो, लोकांचा शत्रू. विरोधात एकच मत पडतं, दारूड्याचं. पावती खरी असून हरण्याचा हा नमुना.

---

पावतीबाई

दोन आठवड्यांनी लिहितेय.

संहिता करणारा रुसला, मग दोन दिवसांनी स्वतःच 'सचोटी' घेऊन आला आणि म्हणाला की हे त्याला आधीच सुचलं होतं. असो. अँटनीचे पाचही 'म्हणे' गेले.

पॉजमध्ये आम्ही अँटनीकडे पाठ केली. पहिल्या दिवशी दिग्दर्शक वैतागले, अँटनी करणारा जास्त वैतागला, 'मी काय भिंतीशी बोलू?' तिसऱ्या दिवशी त्यालाच कळलं की पाठमोऱ्या गर्दीकडे एकटा बघत उभा राहिलेला अँटनी जास्त भयंकर दिसतो. आता त्याला तो पॉज सोडवत नाही.

माझं सांगते. 'त्याने मुकुट घेतला नाही, म्हणजे नक्कीच' हे वाक्य मी ऑफिसात बोलते तसं बोलले. बोट मोडत, एक कलम, दोन कलमं, बेरीज. आवाज न चढवता. दुसऱ्या नागरिकाने माझ्याकडे बघून मान हलवली आणि मला इतकं बरं वाटलं! बेरीज बरोबर आल्यावर वाटतं तसं. त्यानंतर मी अँटनीकडे वळले तेव्हा मी त्याचं ऐकत नव्हतेच, माझा निष्कर्ष बरोबर ठरवणाऱ्या पुढच्या पावत्या गोळा करत होते. झग्याची भोकं मोजली. मोजली, खरंच. वापरायला आणलेल्या झग्याला अकरा आहेत.

'म्हणे' आपोआप आलं. किती मोठ्याने आलं ते मला बाकीच्यांचे चेहरे बघून कळलं.

मग सिन्नाचा प्रवेश. त्यात माझं आणखी एक वाक्य आहे, ते मी आजवर नीट वाचलंच नव्हतं. तो जीव तोडून सांगतो की मी कटातला सिन्ना नव्हे. त्यावर मी म्हणते, हरकत नाही, नाव तर सिन्नाच आहे, काळजातून नाव तेवढं उपटा आणि द्या सोडून. नाव जुळलं ना, मग पुढचं पान. ते मी बोट मोडतच म्हटलं, त्याच आवाजात. दिग्दर्शक काहीच बोलले नाहीत, नुसतं वहीत लिहिलं.

सिन्ना करणारा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. तालमीनंतर पाणी पीत होता, बाहीची शिवण उसवली होती. म्हणाला, 'ताई, प्रयोगाच्या दिवशी जरा हळू धराल का? आज तुम्ही खरंच ओढलंत.'